पेव, तळघर आणि कोरडी जागा

व्यापाऱ्याचे निम्मे आयुष्य माल विकण्यात जाते आणि निम्मे तो सांभाळण्यात. विक्रीविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. सांभाळण्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी हा दुसरा विषय निवडला. त्यास निमित्त माझ्या दुकानाखालच्या तळघराचे आहे. परंतु विषय त्या तळघरापुरता नाही. जमिनीखाली माल साठवण्याची परंपरा आपल्या सातारा-सांगली भागात जुनी आहे. ती समजून न घेतल्याने माझे नुकसान झाले आणि त्या नुकसानीने मला थोडाफार अभ्यास करावयास लावले.

शीतकक्षाचे तळघर

सन २०१२ मध्ये साताऱ्यातील आमच्या दुकानाखालचे तळघर रिकामे झाले. पूर्वीच्या भाडेकरूने तेथे दूध-लोण्याच्या साठ्यासाठी शीतकक्ष उभारला होता. यंत्रसामग्री तो घेऊन गेला. खोली तशीच राहिली. चारही भिंतींना, छताला व जमिनीखालीही थर्माकोलचा जाड थर, त्यावर पांढरा पत्रा आणि रबराच्या पट्टीने घट्ट बसणारा दरवाजा. उंदीर नाही, धूळ नाही, उन्हाची तिरीप नाही. कापड ठेवण्यास याहून उत्तम जागा कोणती, असे मला वाटले. मे महिन्याच्या अखेरीस गणवेशाचे कापड, इचलकरंजीचे धोतरजोड, मांजरपाटाचे तागे असा बराच माल आम्ही तेथे रचला आणि दार लावून घेतले.

जून-जुलैमध्ये माल काढण्यासाठी दार उघडले जाई व पुन्हा बंद होई. ऑगस्टच्या मध्यास मागच्या रांगेतील गठ्ठे सोडले, तेव्हा आधी कुबट वास आला आणि मग डाग दिसले. भिंतीला टेकलेल्या ताग्यांवर करडी-हिरवी बुरशी धरली होती. पत्र्यावर हात फिरवला तर तळवा ओला झाला. वाणिज्य शाखेत आम्हांला साठ्याचे मूल्यांकन शिकवले होते : खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते. बुरशी लागलेल्या मालाला बाजारभावच उरत नाही, हे त्या वर्षी वह्यांतून कळले.

त्या दिवसांत सांगलीहून माझे मामा आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर हळदीचा व्यापार केलेला माणूस. जिना उतरून ते खाली आले, पत्र्याला बोट लावून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "अरे, तू खोली बंद केलीस, पण कोरडी कुठं केलीस?"

या प्रश्नाचा अर्थ कळण्यास मला हरिपूरला जावे लागले.

हरिपूरची पेवे

सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर वसले आहे. संगमेश्वराचे देवालय आणि 'संगीत शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव म्हणून ते सर्वांना माहीत आहे. व्यापाऱ्यांना मात्र ते पेवांसाठी माहीत. लहानपणी सुटीत आजोळी गेलो की मामांबरोबर मी तेथे जात असे. वरून पाहावे तर मोकळे रान आणि जागोजाग मातीने लिंपलेली तोंडे. त्या प्रत्येक तोंडाखाली रांजणाच्या आकाराचा खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढा अरुंद आणि आत पोट सुटलेला. खोली साधारण पंधरा ते पंचवीस फूट. आत वीट नाही, चुना नाही, सिमेंट नाही, केवळ माती. तळाशी व कडेने उसाचा पाला आणि चटया लावून सुटी हळकुंडे ओतायची, वर पुन्हा पाला, मग झाकण आणि मातीचा लेप. अशी हळद दोन-तीन वर्षेही किडीवाचून राहत असे.

पेव उघडण्याचा दिवस मला स्पष्ट आठवतो. लेप फोडल्यावर काही तास कोणी जवळ फिरकत नसे. नंतर दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडत. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. तेवत राहिला तरच उतरे. मुलांना तो खेळ वाटे. मामा मात्र कंदील वर येईपर्यंत कोणाशी बोलत नसत.

हळदीची ही पेठ काही एका गावाच्या पिकावर उभी राहिली नाही. सन १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी सांगलीस स्वतंत्र संस्थान स्थापिले आणि पुढे ही व्यापारपेठ वाढत गेली. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, साताऱ्याजवळचे माहुली, कऱ्हाड असे करीत सांगलीस येते. आणि वाई-कऱ्हाडकडची हळदही त्याच वाटेने सांगलीस येत राहिली. पुढे कर्नाटक, मराठवाडा, आंध्र येथूनही माल येऊ लागला. एवढा माल ठेवण्यासाठी नदीकाठच्या या मातीने कोठार दिले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कीर्तीमागे शेतकऱ्याच्या घामाइतकीच ही मातीही आहे, असे मला वाटते.

पेव ही वस्तू आपल्या भाषेतही उतरली आहे. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की आपण 'पेव फुटले' म्हणतो. वाड्यांतून धान्यासाठी बळदे असत, पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. पण गरीब-श्रीमंत सर्वांना परवडणारे कोठार म्हणजे जमिनीतील पेव. अन्य देशांतही हा विचार स्वतंत्रपणे झालेला दिसतो. मोरोक्को व सुदान येथील शेतकरी धान्य जमिनीत पुरून ठेवीत, आणि माल्टा बेटावर फ्लोरियाना येथे दगडी झाकणांची भूमिगत कोठारे आजही पाहावयास मिळतात.

पेव कोरडे कसे राहते?

पेवातील हळद थंडाव्यामुळे टिकते, अशी माझी समजूत होती. ती अर्धवट होती. आठ-दहा फुटांखाली जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, हे खरे. परंतु खरे काम दोन गोष्टी करतात.

पहिली गोष्ट पेवात माल जाण्यापूर्वीच घडते. ओल्या हळदीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. काहिलीत शिजवून, दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवून हे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवर आणले जाते. हळकुंड मोडताना खणकन आवाज आला पाहिजे, ही मामांची कसोटी होती. तो आवाज न आलेला माल ते पेवात घालू देत नसत, मग गाडीवाला कितीही खोळंबो.

दुसरी गोष्ट म्हणजे आतली हवा. पेव लिंपले की बाहेरची हवा आत येत नाही. आतला माल व आत असलेले सूक्ष्म जीव मिळून प्राणवायू हळूहळू वापरतात आणि कर्बवायू वाढतो. अशा हवेत कीड वाढू शकत नाही. कंदील विझतो तो त्यामुळेच. आणि माणसाला धोका असतो तोही त्यामुळेच. थोडक्यात, आधी वाळवलेला माल, पाणी न झिरपणारी जागा आणि पूर्ण बंदिस्तपणा, या तिन्हींची सांगड म्हणजे पेव. मी साताऱ्यात तिसरी गोष्ट तेवढी घेतली होती.

नदीने घेतलेला हिशेब

या तीनपैकी दुसरी अट, म्हणजे पाणी न येणारी जागा, कृष्णेने २००५ मध्ये मोडली. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस आलेल्या महापुरात हरिपूर आणि सांगलवाडीच्या पेवांत पाणी शिरले व हळदीचे मोठे नुकसान झाले. मामांची दोन पेवे भरलेली होती. भाव चढेल म्हणून त्यांनी तो माल राखून ठेवला होता. पाणी ओसरल्यावर ते तेथे गेले, तेव्हा एका पेवाचे तोंड खचून मातीत मिळाले होते आणि दुसऱ्यातून पिवळे पाणी पंपाने उपसावे लागले. वाळलेली हळद पुन्हा भिजली की ती फुगते, आंबते, तिचा रंग जातो. त्या मालातून काही हाती लागले नाही.

घरात त्यांनी याविषयी कधी त्रागा केला नाही. परंतु त्यानंतर त्यांनी पेव घेतले नाही. इतरांनीही तेच केले. पेवांची जागा गोदामांनी आणि शीतगृहांनी घेतली. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, तेव्हा हा बदल योग्य वेळी झाला असेच म्हणावे लागले. शंभर वर्षे कोरडी राहिलेली जमीन पुढेही कोरडी राहील, असे गृहीत धरता येत नाही.

ग्रंथभांडारांची शिकवण

येथे वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, हळदीचे ठीक, कापडाचे काय? कापड पेवात घालता येत नाही. ते रोज काढावे-ठेवावे लागते, आणि सुती धागा हवेतील ओल सतत घेत व सोडत असतो. त्याला बंदिस्तपणापेक्षा वेगळी काळजी लागते. ती कशी घ्यावी, याचे उत्तर आपल्याच समाजाच्या एका जुन्या व्यवस्थेत मिळाले.

जैसलमेर किल्ल्यातील श्री संभवनाथ मंदिराच्या तळघरात आचार्य जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात ज्ञानभांडार स्थापिले. तेथील ताडपत्रे आजवर टिकली. तेथे वाळवंटाची कोरडी हवा होती. परंतु सर्वच भांडारांना असे भाग्य लाभले नाही. मूडबिद्रीच्या दमट हवेत जपलेल्या धवलादी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांपैकी काही भाग कालांतराने नष्ट झाला. ही हानी ऐकून आचार्य शांतिसागर महाराज व्यथित झाले आणि त्यांच्या प्रेरणेने ते ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ते ताम्रपट सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आहेत. आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे दर्शन घेतले असेल. ओल आणि कीड यांमुळे ते कोरावे लागले, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

ताम्रपट सर्वच ग्रंथांचे होणे शक्य नव्हते. म्हणून आपल्या पूर्वजांनी पंचांगातच सोय केली. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी येते, तर श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी. या दिवशी ग्रंथ बाहेर काढावेत, झटकावेत, हवा द्यावी, नवी वेष्टने घालावीत, असा प्रघात आहे. धार्मिक महत्त्व तर आहेच. पण तिथींकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. एक पंचमी पावसाच्या तोंडावर येते आणि दुसरी पाऊस सरल्यावर. दोन्ही परंपरांनी मिळून पावसाळा जणू दोन्ही बाजूंनी बांधून घेतला आहे. वस्तू कोरड्या ऋतूत उघडायची आणि ओल्या ऋतूत झाकायची, हा त्यातला नियम. मी नेमके उलट केले होते. उन्हाळ्यात खोली बंद ठेवली आणि पावसाळ्यात दार उघडत राहिलो.

यात यत्नाचाराचाही भाग आहे. बुरशी ही निर्जीव घाण नाही, तिच्यात अगणित जीव आहेत, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. ती उद्भवल्यावर मारून काढण्यापेक्षा ती उद्भवणारच नाही अशी जागा राखणे, हाच अहिंसेचा मार्ग. डाग पडलेले तागे धुऊन उन्हात घालताना हे मला फार टोचले.

थंड खोलीचे रूपांतर

शीतकक्ष हा पेवही नव्हे आणि ग्रंथभांडारही नव्हे. त्याची रचना यंत्र चालू असेल तेव्हाचीच आहे. यंत्र हवा थंड करते, तेव्हा हवेतील बाष्प गार नळ्यांवर जमून पाणी होते आणि नळीवाटे बाहेर जाते. यंत्र बंद झाले की थंडावा जातो तसा पाणी बाहेर काढणाराही जातो. उरते ती फक्त हवाबंद पेटी. तीस अंश तापमानाची हवा घनमीटरमागे सुमारे तीस ग्रॅम बाष्प धरू शकते, वीस अंशांची जेमतेम सतरा. पावसाळ्यातील उबट दमट हवा तळघरात शिरून थंड झाली की जादा बाष्प तिला सोडावेच लागते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा तो माझ्या पत्र्याला फुटला. शिवाय थर्माकोलच्या मागे, वर्षानुवर्षे गारठलेल्या भिंतीत, जुनी ओल दडलेली होती ती वेगळीच.

थंडीसाठी बांधलेली वास्तू दुसऱ्या कामी आणण्याचा प्रश्न पूर्वीही आला आहे. बोस्टनच्या ट्यूडर कंपनीने १८३३ मध्ये कोलकात्यास जहाजाने बर्फ पाठवला आणि पुढे मुंबई व मद्रास येथेही बर्फघरे झाली. मद्रासचे बर्फघर १८४२ चे. बर्फ यंत्राने तयार होऊ लागल्यावर तो व्यापार बसला आणि ती वास्तू बिलिगिरी अय्यंगार या वकिलांनी घेतली. तिला राहण्याजोगी करण्यासाठी त्यांनी सभोवती व्हरांडे काढले आणि पुष्कळ खिडक्या ठेवल्या. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद याच वास्तूत मुक्कामास होते. बर्फासाठी बंद केलेली जागा माणसासाठी आधी उघडावी लागली, हा त्यातला धडा.

माझ्या तळघराचेही तेच झाले. दिवाळीनंतर सगळा पत्रा व थर्माकोल उतरवला. मागचा थर पिळला तर पाणी निघेल इतका भिजला होता. जमिनीचा थरही फोडावा लागला. जुने सांडपाण्याचे भोक कायमचे बुजवले, कारण मुसळधार पावसात त्यातून पाणी उलटे येण्याचा धोका होता. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून पावसाळ्यात पाझर येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीबाहेर चर खणून पाण्याला वाट दिली. मग नोव्हेंबरपासून मेपर्यंत तळघर रिकामे व उघडे ठेवले. कोणी म्हणाले, सहा महिने भाड्याची जागा रिकामी ठेवता? मामांच्या हळकुंडाचा आवाज माझ्या कानात होता. भिंत पुरती वाळल्यावर तिला चुन्याचा गिलावा दिला. तेलरंग दिला नाही, कारण त्यामागे ओल कोंडते.

आज तेथे लोखंडी घोड्यांवर माल असतो. जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून हातभर दूर. दाराशी आर्द्रतामापक टांगला आहे. काटा पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला वाव मिळतो, म्हणून तो रोज सकाळी पाहून वहीत नोंद होते. कोरड्या दिवसांत पंखा लावून हवा खेळवतो. पावसाळ्यात पंखा बंद, दार कमीत कमी उघडायचे आणि ओल शोषणारे यंत्र चालू. दर कार्तिकात सगळे गठ्ठे सोडून झटकले जातात. एवढे करूनही जे फार मोलाचे, ते पावसाळ्यात मी वरच्या मजल्यावरच ठेवतो. २००५ नंतर जमिनीवर पूर्ण भरवसा टाकण्याचे धाडस आमच्या घरात कोणास होत नाही.

काम पुरे झाल्यावर मामा पुन्हा आले होते. तळघरात थोडा वेळ उभे राहिले. चुन्याच्या भिंतीवर हात फिरवला, नाकाने दीर्घ श्वास घेतला आणि काहीही न बोलता जिना चढून वर आले. वर आल्यावर त्यांनी चहा मागवला व हळदीचा त्या दिवसाचा भाव सांगू लागले. त्यांच्या पसंतीची ही रीत आम्हांला ठाऊक होती.

मामा आज हयात नाहीत. हरिपुरातील बहुतेक पेवे बुजली आहेत आणि नव्या पिढीला तो शब्द केवळ वाक्प्रचारातून माहीत आहे. ज्या घरांत अजून जुने तळघर, बळद किंवा बंद पडलेला शीतकक्ष असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, त्या जागेत माल नेण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा ती रिकामी ठेवून पाहावी. भिंत काय म्हणते ते ऐकावे. आणि घरात पेवांत उतरलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना एकदा तरी जिना उतरून खाली न्यावे.